एका रसायनाची बदनामी

रंग नाही, वास नाही, चव म्हणावी तर तीही नाही, असे एक रसायन आहे. ते श्वासावाटे फुप्फुसांत शिरले तर थोड्याशा मात्रेनेही माणूस गुदमरून मरतो. त्याच्या घन रूपाशी शरीराचा दीर्घकाळ संबंध आला तर कातडी व तिच्याखालचे मांस निकामी होते, आणि वायुरूपात ते अंगावर आले तर भयंकर भाजते. त्याच्या संगतीत लोखंड झिजते, विजेची उपकरणे बिघडतात, मोटारीचे ब्रेक नीट लागत नाहीत. आम्लवर्षावात सर्वांत मोठा अंश त्याचाच असतो. सुपीक शेतातली माती ते वाहून नेते. कर्करोगाच्या गाठी काढून तपासल्या तर प्रत्येक गाठीत ते सापडते. एवढे असूनही कारखाने ते राजरोसपणे नदीनाल्यांत सोडतात, अणुभट्ट्यांत ते खेळविले जाते, पिकांवर फवारावयाच्या विषांत ते मिसळले जाते, आणि फळे व भाजी कितीही धुतली तरी त्याचा अंश मागे राहतोच. ज्याच्या शरीराला त्याची सवय आहे त्याला ते काही दिवस मिळाले नाही, तर मरण अटळ. अशा पदार्थावर सरकारने बंदी घालावी की नाही?

ह्या पदार्थाचे नाव डायहायड्रोजन मोनॉक्साइड. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांतील परिभाषा घेऊन त्याचे भाषांतर करावयाचे झाले तर ते द्वि-उद्जन एक-प्राणिद असे काहीसे होईल. आणि हे नाव उच्चारीत कोणी दारोदार सह्या गोळा करीत हिंडला, तर त्याला पेला भरून देताना गृहिणीच्या हाताला कंपच सुटेल. कारण त्या पेल्यात तेच असते. उद्जनाचे दोन अणू आणि प्राणवायूचा एक, म्हणजे साधे पाणी.

पाण्याच्या ह्या बदनामीला चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. १९८३ च्या १ एप्रिलला अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ड्युरँड ह्या लहानशा गावच्या साप्ताहिकाने अशी बातमी छापली की, गावच्या नळांत डायहायड्रोजन ऑक्साइड आढळले आहे, ते श्वासातून आत गेल्यास प्राणघातक ठरते आणि त्याच्या वाफेने अंगावर फोड येतात. तारीख पाहून शहाण्यांनी काय ते ओळखावे, अशी अपेक्षा होती. पुढे १९८९-९० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील (हे सांताक्रूझ मुंबईचे नव्हे आणि गोव्याचेही नव्हे) काही विद्यार्थ्यांनी ह्या थट्टेला पत्रकाचे रूप दिले, त्याच्या छायाप्रती वाटल्या, आणि आरोपांची यादी वाढत गेली. परंतु ह्या पत्रकाची खरी परीक्षा घेतली ती चौदा वर्षांच्या एका मुलाने. १९९७ साली आयडाहो राज्यातील आयडाहो फॉल्स येथील ह्या विद्यार्थ्याने शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी आपल्याच शाळेतील पन्नास मुलांपुढे हे आरोपपत्र ठेवले आणि प्रत्येकाला विचारले, ह्या रसायनाचे काय करावे? त्रेचाळीस जणांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. सहा जणांचा निश्चय होईना. एकानेच ओळखले की, हे तर पाणी आहे. माणसे किती भोळी असतात, हा त्या प्रयोगाचा विषय होता, आणि प्रयोगाला पहिले बक्षीस मिळाले.

ही हकीकत सांगणारे बहुतेक लोक येथे थांबतात आणि त्रेचाळीस मुलांना हसतात. हे हसणे थोडे अन्यायाचे आहे. त्या मुलांनी काय केले? शाळेतल्या ओळखीच्या मुलाने हाती दिलेला कागद त्यांनी वाचला, त्यावर विश्वास ठेवला, आणि इतके अपाय करणारा पदार्थ मोकाट राहू नये, असे प्रामाणिक मत दिले. रसायनांची शास्त्रीय नावे ठाऊक नसणे हा काही दुर्गुण नव्हे. विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. त्या कागदावर एकही विधान खोटे नव्हते. पाणी फुप्फुसांत गेले तर माणूस बुडून मरतो, बर्फाने हिमदंश होतो, वाफेने भाजते, लोखंडाला गंज चढतो. कर्करोगाच्या गाठीत पाणी असते, तसे ते निरोगी शरीराच्या कणाकणांतही असते. येथे कोणी 'ध'चा 'मा' केलेला नव्हता. धर्मराजाने रणांगणावर जे केले तेच येथे झाले होते. वाक्य खरे, परंतु 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द ऐकू जाणार नाहीत अशी तजवीज केलेली.

कोणते शब्द गाळले होते? एक तर ओळखीचे नाव गाळले होते, पण ते सर्वांत कमी महत्त्वाचे. खरी चलाखी ही की, किती, हे कोठेही सांगितले नव्हते; आणि कशाच्या तुलनेत, हेही सांगितले नव्हते. मात्रा काढून घेतली की जगातील कोणताही पदार्थ विष ठरविता येतो. सोडियम हा धातू पाण्यात पडताच पेट घेतो, आणि क्लोरीन हा वायू १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर माणसे मारण्यासाठी सोडण्यात आला. ह्या दोघांच्या संयोगातून होते ते स्वयंपाकघरातले मीठ. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस ह्या वैद्याने मात्रेवरच विषाचे विषपण ठरते असे प्रतिपादन केले. चरकसंहिता त्याहून कितीतरी जुनी. तीत सांगितले आहे की, युक्तीने योजिलेले तीक्ष्ण विष उत्तम औषध होते आणि अयुक्तीने दिलेले औषध विष ठरते. संस्कृत कोशकारांनी तर पाण्याच्या बाबतीत कमालच केली आहे. अमरकोशात पाण्याला 'जीवन' आणि 'अमृत' ही दोन्ही नावे आहेत, आणि 'विष' ह्या शब्दाचाही एक अर्थ कोशकार 'पाणी' असाच देतात.

ह्यात नुसता शब्दखेळ आहे असेही नाही. थोड्या वेळात फार पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते, मेंदूला सूज येते, आणि माणूस दगावूही शकतो. २००२ साली बोस्टन येथील मॅरेथॉन शर्यत पुरी करणाऱ्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम असावयास हवे त्याहून कमी झालेले आढळले. धावताना ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांना हा धोका विशेष होता. म्हणजे थट्टेतील आरोपी अगदीच निर्दोष नाही. त्याचा गुन्हा किती मात्रेत घडतो, एवढाच प्रश्न.

शाळकरी मुलांवर हसणाऱ्यांनी थोरामोठ्यांचीही कथा ऐकावी. २००४ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील अलिसो व्हिएहो ह्या शहराच्या कौन्सिलपुढे एक प्रस्ताव आला. शहराच्या वतीने होणाऱ्या समारंभांत फोमचे पेले वापरू नयेत, कारण ते तयार करताना डायहायड्रोजन मोनॉक्साइड नावाचा घातक पदार्थ लागतो, असे त्यात म्हटले होते. कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने थट्टेचे लिखाण खरे मानून ते टिपणात उतरवून घेतले होते. मतास पडण्यापूर्वीच प्रस्ताव मागे घेण्यात आला, पण तोवर शोभा झाली ती झालीच. वाईट एवढेच वाटते की, फोमचे पेले ओढ्यांत आणि समुद्रकिनारी साचतात, त्यांचा कचरा वर्षानुवर्षे कुजत नाही, ही त्यांच्याविरुद्धची तक्रार खरी होती. खऱ्या तक्रारीला खोट्या कारणाचा टेकू दिला की ती तक्रारही हास्यास्पद होते.

न्यूझीलंडमध्ये तर ह्या पाण्याने दोन्ही पक्षांना भिजविले. २००१ साली ग्रीन पक्षाच्या एका संसद-सदस्येच्या कार्यालयाने, ह्या विषारी पदार्थावरील बंदीला बाईंचा पूर्ण पाठिंबा राहील, अशा आशयाचे उत्तर पाठविले. विरोधी नॅशनल पक्षाने त्याची जाहीर टर उडविली. सहा वर्षांनी, २००७ साली, त्याच नॅशनल पक्षाच्या एका सदस्येने एका मतदाराच्या पत्रावरून मंत्र्यांना लेखी विचारले की, मादक द्रव्यांविषयीच्या तज्ज्ञ समितीने ह्या पदार्थावर बंदी घालण्याचा विचार केला आहे काय? समितीचा तसा कोणताही इरादा नसल्याचे मंत्रिमहाशयांनी कळविले.

केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात ह्याच अज्ञानाचा उपयोग एका अधिकाऱ्याने २००६ साली उलट्या दिशेने करून घेतला. नदीकाठच्या उद्यानातील मोठ्या कारंज्यात लोक उतरून डुंबत; सांगून कोणी ऐकेना. तेव्हा त्याने पाट्या लावल्या की, धोका आहे, ह्या पाण्यात हायड्रोजनचे प्रमाण फार मोठे आहे, दूर राहावे. विधान पुन्हा खरेच. पाण्यात अणूंची मोजदाद केली तर तीनांतील दोन अणू हायड्रोजनचे निघतात. हेतू चांगला होता हे मान्य करूनही, ज्या संस्थेने लोकांना सत्य सांगावयाचे तिने त्यांच्या अडाणीपणाचा फायदा घ्यावा हे रुचत नाही. उद्या खरोखरच त्या कारंज्यात काही दूषित आढळले, तर नवी पाटी कोणी मनावर घ्यावी?

२०१३ च्या १ एप्रिलला फ्लोरिडातील एका नभोवाणी केंद्राच्या दोघा निवेदकांनी श्रोत्यांना सांगितले की, लोकांच्या नळांतून डायहायड्रोजन मोनॉक्साइड येत आहे. पाणीपुरवठा खात्याकडे घाबरलेल्या लोकांचे दूरध्वनी सुरू झाले, पाणी सुरक्षित असल्याचे निवेदन काढावे लागले आणि त्या दोघांना काही दिवस कामावरून दूर ठेवण्यात आले. छापील थट्टा वाचक दोनदा वाचू शकतो, कोपऱ्यातील तारीख पाहू शकतो. आवाज एकदाच येतो आणि जातो, आणि बोलणाऱ्याच्या ओठांवरचे हसू श्रोत्याला दिसत नाही. नळाच्या पाण्याविषयी घरात तान्हे मूल असलेल्या आईशी अशी थट्टा करू नये, हे त्या दोघांना कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

इथवरच्या साऱ्या गोष्टींत निदान मुळाशी विनोद होता. परंतु नेमकी हीच रीत विनोदाचा लवलेश नसताना वापरली गेली, तेव्हा तिला आवर घालणे किती कठीण जाते हे फ्रान्सने पाहिले आहे. १९७६ साली तेथे टंकलेखन केलेले एक साधे पत्रक फिरू लागले. खाद्यपदार्थांत घालावयाच्या द्रव्यांना युरोपात 'ई' हे अक्षर आणि त्यापुढे क्रमांक देण्याची पद्धत आहे. ह्या पत्रकात अशा क्रमांकांची यादी देऊन कोणते द्रव्य कर्करोग आणते, कोणते संशयास्पद, कोणते निर्धोक, ते सांगितले होते. आणि पत्रकाला आधार म्हणून पॅरिसजवळील व्हिलज्विफ येथील, कर्करोगाच्या उपचारांसाठी नामांकित असलेल्या रुग्णालयाचे नाव जोडले होते. रुग्णालयाने ह्या कागदाशी आपला काहीही संबंध नाही असे पुनःपुन्हा जाहीर केले. तरीही माणसे त्याच्या प्रती काढीत राहिली. शाळांतून, दवाखान्यांतून, शेजारणीकडून शेजारणीकडे तो कागद जात राहिला, फ्रान्सची सीमा ओलांडून इतर देशांत पोहोचला, आणि दहा वर्षे उलटली तरी मेला नाही. अफवांचा अभ्यास करणारे झाँ-नोएल काप्फेरे ह्यांनी त्याच्या प्रवासाचा मागोवा घेतला आहे. हा कागद पुढे धाडणारी माणसे दुष्ट नव्हती, आपल्या मुलाबाळांच्या काळजीनेच ती तो पुढे देत होती.

त्या यादीत अत्यंत घातक म्हणून ठळकपणे नोंदविलेला एक क्रमांक होता ई ३३०. हा ई ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबाचे सत्त्व. जे लिंबात आहे, संत्र्यात आहे, सरबतात आहे. बिचाऱ्या लिंबावर हे बालंट कसे आले, ह्याचा एक मजेदार खुलासा दिला जातो. शरीरातील पेशी अन्नापासून शक्ती कशी मिळवितात ते उलगडणाऱ्या सायट्रिक आम्लाच्या चक्राला हान्स क्रेब्स ह्या शास्त्रज्ञाचे नाव आहे. १९५३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आणि जर्मन भाषेत 'क्रेब्स' म्हणजे खेकडा, आणि कर्करोगही. मराठीत तरी निराळे काय आहे? कर्क म्हणजे खेकडाच. कोणीतरी कोठेतरी 'क्रेब्स-चक्र' हे शब्द वाचले आणि त्यांचा अर्थ कर्करोगाचे चक्र असा लावला, अशी ही उपपत्ती आहे. ती खरी असो वा नसो, लिंबाला काही वर्षे कर्करोगाचा आरोप सोसावा लागला, ही गोष्ट खरी.

ह्या साऱ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, रसायनांचे भय हे सारे अडाण्यांचे खूळ आहे आणि शहाण्याने त्याकडे हसून पाहावे. असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत, आणि पाण्याची ही थट्टा त्यांनी आपल्या हातातील सोटाच बनविली आहे. कारखान्याच्या सांडपाण्याविषयी कोणी शंका काढली की ह्यांनी म्हणावे, तुम्ही पाण्यावरही बंदी मागाल! हा सोटा पहिल्या भोळेपणापेक्षा वाईट. कारण तो चालविणारासुद्धा मात्रा विचारीत नाही.

हैदराबादच्या मराठी मंडळींना नलगोंडा जिल्हा परका नाही. १९५६ पर्यंत तो आणि मराठवाडा एकाच संस्थानाच्या, नंतर एकाच राज्याच्या नकाशात होते. तेथील कित्येक गावांतल्या विहिरींचे पाणी पाहावे तर स्वच्छ, नितळ, चवीला चांगले. परंतु खडकांतून त्यात फ्लोराइड उतरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. ह्याहून बरेच अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि मग सांधे आखडून, हाडे वाकून, चालती माणसे पांगळी होतात. विदर्भात यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांनीही हे दुखणे पाहिले आहे. त्यावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात जी उपाययोजना बसविली, तिला 'नलगोंडा पद्धती' असेच नाव आहे. पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरावीक मात्रेत घालावयाची, ढवळावयाचे, गाळ बसू द्यावयाचा आणि वरचे पाणी गाळून घ्यावयाचे. आता ह्या कथेत भयंकर नावे कोणाची आहेत? ॲल्युमिनियमचे सल्फेट, कॅल्शियमचे हायड्रॉक्साइड, क्लोरीन; आणि ती सारी औषधाच्या बाजूची. विष होते ते नितळ पाण्यात, बिननावाचे. ग्रामपंचायतीचा शिपाई टीसीएल पावडरचा डबा घेऊन विहिरीवर आला की नाक मुरडणाऱ्यांना त्या पावडरीचा वास येतो. पटकीच्या जंतूंना वास नसतो.

आणि शेवटी भोपाळ. तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. त्यानंतर राजकुमार केसवानी ह्या स्थानिक पत्रकाराने कागदपत्रे मिळवून १९८२ साली आपल्या 'रपट' साप्ताहिकातून शहरावरील संकटाविषयी लागोपाठ लेख लिहिले, आणि १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ते'तूनही इशारा दिला. त्या इशाऱ्यात पाण्याच्या आरोपपत्रासारखी मोघम विधाने नव्हती. कोणता वायू, कोणत्या कारखान्यात, पूर्वी काय घडले, सुरक्षिततेत काय उणे, हे सारे त्यात होते. तो घबराट पसरविणारा माणूस ठरला.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत चाळीस टनांहून अधिक मिथिल आयसोसायनेट साठविलेले होते. त्यात पाणी शिरले. ते कसे शिरले ह्याविषयी कंपनीचे म्हणणे एक आणि इतरांचे दुसरे आहे, पण शिरले ते साधे पाणीच, ह्याबद्दल वाद नाही. मिथिल आयसोसायनेट आणि पाणी एकत्र आले की उष्णता निर्माण होते आणि कर्बद्विप्राणिद वायू सुटतो. टाकी तापली, दाब वाढला आणि विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर उतरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद होती. हजारो माणसे गेली. तो वायू पाण्याशी संयोग पावतो, म्हणून ओले फडके नाकातोंडावर धरून घरातच थांबले असते, तर निदान काही जण वाचले असते, असे पुढे सांगण्यात आले. घरोघरी माठ होते, घागरी होत्या, त्यांत पाणी होते. त्याचे काय करावयाचे, हे भोवतालच्या वस्तीला कोणी कळविले नव्हते. आणि माणसे तोंड उघडे टाकून, धापा टाकीत, वाऱ्याच्याच दिशेने धावत सुटली.